वाचकांचे प्रश्न : ट्यूबलेस टायर मोजायचे कसे?

रोड सायकलच्या ट्यूबलेस टायरविषयी आलेल्या प्रश्नांचा रोख बहुतेक एकाच दिशेने आहे. कोणता टायर कमी ताकद खातो, कोणता हवा धरतो, पंक्चर झालं तर सीलंट (भोक बुजवण्यासाठी टायरमध्ये घालतात तो द्रव) कितपत भरवशाचं, हे घरी तपासता येतं का? येतं. त्यासाठी एक डिजिटल प्रेशर गेज, थर्मामीटर, व्हर्निअर कॅलिपर, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि नोंदवही हवी. पॉवर मीटर, म्हणजे पेडल मारताना लागणारी शक्ती वॅटमध्ये दाखवणारा मीटर, असला तर उत्तम, पण निम्म्या चाचण्यांना तोही लागत नाही.

प्रश्न : माझ्याकडे तीन ड्रमचे साधे रोलर आणि क्रँकवर पॉवर मीटर आहे. दोन टायरपैकी कोणता कमी शक्ती खातो हे घरी शोधता येईल का? नेमकं कसं करायचं?

उत्तर : येईल. या कामाला साधे रोलर (फिरते ड्रम, ज्यांवर सायकल ठेवून घरातच चालवतात) स्मार्ट ट्रेनरपेक्षा चांगले. मागचं चाक काढून साखळी थेट ज्याला जोडतात त्या ट्रेनरवर टायरच नसतो. चाकावर ड्रम दाबणाऱ्या ट्रेनरवर टायर असतो, पण दाब किती पडणार हे स्क्रू किती आवळला यावर ठरतं; अर्धा आटा कमीजास्त झाला की दोन टायरमधला फरक त्यातच बुडतो. साध्या रोलरवर टायरवर येतं ते तुमचं आणि सायकलचं वजन, आणि ते दर वेळी सारखं ठेवणं आपल्या हातात असतं.

दुसरा फायदा ड्रमच्या लहान व्यासाचा. सपाट रस्त्यापेक्षा लहान ड्रमवर टायर जास्त खोल दबतो. टायर दबतो आणि परत फुगतो तेव्हा रबरात आणि धाग्यांत थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात तो मुख्यतः हाच. लहान ड्रमवर तो सपाट रस्त्याच्या दुपटीहून अधिक भरतो. त्यामुळे आकडा फुगलेला येतो, पण दोन टायरमधला फरकही तितकाच फुगतो आणि पॉवर मीटरच्या नजरेत येतो. सपाटीवर, मागच्या चाकावर ४५ किलो वजन असताना ताशी ४० किलोमीटरला, रोलिंग रेझिस्टन्सच्या गुणांकात (टायरवरच्या वजनाचा किती भाग विरोध म्हणून येतो, तो आकडा) ०.०००५ इतका फरक म्हणजे जेमतेम अडीच वॅट. पॉवर मीटरची अचूकता १ ते २ टक्के धरली तर २०० वॅटला तेवढी चूक मुळातच असू शकते. सुदैवाने ती चूक बरीचशी एकाच दिशेची असते. तोच मीटर, त्याच दिवशी, शून्य नीट करून वापरला तर तुलनेसाठी पुरेसा विश्वासू ठरतो.

चाचणी फक्त मागच्या टायरची करा. पुढचा टायर आणि त्यातली हवा अजिबात बदलू नका. नवा टायर आधी रस्त्यावर किमान ५० किलोमीटर चालवा, म्हणजे साच्यातून आलेला गुळगुळीत थर निघून जाईल. मग ओल्या फडक्याने पुसा, कारण अडकलेली खडी ड्रमवर लगेच त्रास देते. हवा नेहमी गार टायरमध्ये, त्याच खोलीच्या तापमानाला भरा. चालवल्यावर टायर तापून दाब वाढतो तो वाढू द्या, मध्येच सोडू नका.

सायकल आणि मीटर खोलीत २० मिनिटं ठेवून मीटरचं शून्य करा. सायकलसकट स्वतःचं वजन नोंदवा. पाण्याची बाटली काढून ठेवा. सगळ्या फेऱ्यांना एकच गिअर, एकच वेग. ताशी ३५ ते ४० किलोमीटर योग्य, त्याखाली फरक बारीक होतो. आधी २० मिनिटं चालवून टायर तापवा, मग ५ मिनिटांची नोंद घ्या. बसण्याची जागा, हात ठेवण्याची पद्धत, पंख्याचा वेग, सगळं तसंच. प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर खोलीचं तापमान लिहा. ते दोन अंशांनी बदललं असेल तर ती फेरी पुन्हा करावी.

वेग चाकावरच्या सेन्सरने मोजत असाल तर टायर बदलल्यावर चाकाचा परीघही बदलतो, आणि इथे अनेकांची चाचणी फसते. २५ मिलीमीटर रुंद टायरचा परीघ साधारण २१०५, तर २८ च्या टायरचा २१३६ मिलीमीटर धरतात. हा दीड टक्क्याचा फरक कॉम्प्युटरला सांगितला नाही तर तुम्ही दोन वेगळ्या वेगांची तुलना करून बसाल. जमिनीवर खडूने रेघ मारा, व्हॉल्व्ह बरोबर तिच्यावर आणा, सायकलवर बसून कोणाला तरी ढकलायला सांगा आणि चाकाचे चार पूर्ण फेरे झाल्यावर दुसरी रेघ मारा. अंतराला चारने भागलं की आकडा मिळाला. बसूनच करा, रिकाम्या सायकलवर तो जास्त येतो.

आता क्रम. पहिला टायर 'क', दुसरा 'ख' धरला तर फेऱ्या क-ख-ख-क अशा घ्या. तुम्ही दमता, खोली तापते, साखळीचं तेल पसरतं. असा हळूहळू होणारा बदल या क्रमात दोन्ही टायरच्या वाट्याला सारखा येतो. आणि एक कठोर नियम पाळा : 'क'च्या दोन फेऱ्यांमध्ये २ वॅटचा फरक आला असेल, तर 'क' आणि 'ख' मधल्या दीड वॅटच्या फरकाला काहीही अर्थ नाही. अशा वेळी 'फरक सापडला नाही' असंच वहीत लिहायचं.

सीलंट भरलेला टायर एका दिवसात चारदा चढवणं-उतरवणं म्हणजे राडा. सारख्या रिमची दोन चाकं मिळाली तर तो वाचतो. एकच चाक असेल तर पहिल्या दिवशी क-ख आणि दुसऱ्या दिवशी ख-क करा. सीलंट दोन्हींत मोजून सारखं घाला, ३० मिली पुरे. सीलंटच्या प्रमाणाने रोलिंग रेझिस्टन्समध्ये पडणारा फरक इतका लहान असतो की घरच्या चाचणीत तो दिसणार नाही, पण 'एकात घातलं, एकात नाही' अशी शंका नंतर उरायला नको.

प्रश्न : एकाच टायरसाठी एका ठिकाणी १४ वॅट, दुसऱ्या ठिकाणी ३५ वॅट असे आकडे वाचले. खरं कोणतं?

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. हिशेब साधा आहे :

शक्ती (वॅट) = गुणांक × वजन (किलो) × ९.८१ × वेग (मीटर प्रति सेकंद)

चांगल्या रोड टायरचा गुणांक साधारण ०.००३ ते ०.००६ च्या दरम्यान असतो. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, वेग ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर धरा. गुणांक ०.००५ असेल तर दोन्ही टायर मिळून सुमारे ३५ वॅट, ०.००४ असेल तर २८ वॅट. हेच २८ वॅट कोणी 'एका टायरमागे' लिहिले की १४ होतात.

म्हणून आकडा वाचताना पाच गोष्टी शोधा : एक टायर की जोडी, वजन किती, वेग किती, ड्रमचा पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, आणि तापमान. तापमान बहुतेक जण विसरतात. गरम रबरात ऊर्जा कमी वाया जाते; दर अंश सेल्सिअसला गुणांक साधारण १ टक्का किंवा थोडा अधिक उतरतो. २० अंशाला घेतलेली चाचणी आणि ३५ अंशाला घेतलेली चाचणी यांत टायर न बदलताच १५ टक्क्यांचा फरक पडू शकतो. वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून क्रमवारी लावू नका. एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने मोजलेल्या टायरचा क्रम मात्र उपयोगाचा असतो.

प्रश्न : रोलरवर हवा वाढवत गेलो तसा टायर हलका चालत गेला. १०० पीएसआयला सर्वांत कमी वॅट लागले. मग रस्त्यावरही १०० भरू का?

उत्तर : नाही. आधी सुरक्षेचं : तुमचा रिम हुकलेस असेल, म्हणजे त्याच्या भिंतीला आतल्या बाजूने टायर अडवणारी कड नसेल, तर कमाल दाब ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय. हुक असलेल्या रिमवरही रिमवर लिहिलेली आणि टायरवर लिहिलेली, यांतली जी मर्यादा कमी ती पाळायची.

आता टायरचं. ड्रम गुळगुळीत असतो. तिथे टायर जितका कडक तितका तो कमी दबतो, म्हणून आकडा घसरतच जातो. रस्त्याला मात्र खडी, भेगा, ठिगळं असतात. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की टायर खडबडीतपणा गिळायचं थांबवतो आणि सायकल व माणूस दोघंही वर-खाली हलू लागतात. ती ऊर्जा स्नायूंमध्ये आणि आतड्यांमध्ये जिरते. रोलरवर हे कधीच दिसत नाही. रस्त्यावर दाब वाढवत नेला तर शक्ती आधी थोडी कमी होते आणि एका बिंदूनंतर झपाट्याने वाढते. रस्ता जितका खराब, तितका हा बिंदू खाली. त्या बिंदूच्या १० पीएसआय खाली राहिलात तर नुकसान थोडं. १० वर गेलात तर खराब रस्त्यावर ते बरंच अधिक. शंका असेल तेव्हा हवा कमी ठेवणं हाच आमचा सल्ला.

सुरुवातीचा दाब ठरवायला सायकलतंत्रावर लिहिणारे फ्रँक बर्टो यांनी रूढ केलेला १५ टक्क्यांचा नियम अजूनही कामाचा आहे. रिकाम्या चाकाच्या रिमची कड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. मग भिंतीला हात टेकवून नेहमीच्या स्थितीत सायकलवर बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. टायर आपल्या उंचीच्या १५ टक्के बसला पाहिजे. २८ मिलीमीटरच्या टायरला म्हणजे साधारण ४ मिलीमीटर. पुढच्या चाकासाठी वेगळं मोजा, कारण पुढे वजन कमी असतं. चाकांवर किती वजन येतं हे पाहायला एका चाकाखाली वजनकाटा आणि दुसऱ्याखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवा. फळी विसरलात तर सायकल कलते आणि वाटणी चुकते. हा नियम येतो ती सुरुवात म्हणून. तिथून ३-३ पीएसआयने खाली येत आपल्या रस्त्याचा दाब शोधायचा.

प्रश्न : मग रस्त्यावरच चाचणी कशी घ्यायची? वाऱ्याने सगळं बिघडतं.

उत्तर : वारा हाच मोठा शत्रू. ताशी ३० किलोमीटरला हवेचा विरोध टायरच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे डोकं चार बोटं वर गेलं तरी टायरमधला फरक झाकला जातो. उतारावरून नुसती सायकल सोडून कुठवर जाते हे पाहण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण झुळूक आणि बसण्यातला फरक यांपुढे ती टिकत नाही. ढोबळ फरक, म्हणजे जाड तारांचा प्रशिक्षणाचा टायर आणि शर्यतीचा टायर यांतला, तेवढा ती दाखवते.

त्याहून चांगली रॉबर्ट चुंग यांची 'आभासी उंची'ची पद्धत. पॉवर, वेग, वजन आणि हवेची घनता यांवरून रस्त्याचा चढउतार काय असायला हवा हे उलट्या हिशेबाने काढतात. एकाच वर्तुळावर फेऱ्या मारल्या असतील तर प्रत्येक फेरीनंतर उंची मूळ जागी यायलाच हवी. ती येईपर्यंत गुणांक आणि हवेच्या विरोधाचा आकडा जुळवायचा. गोल्डन चीताह या मोफत सॉफ्टवेअरमधल्या एअरोलॅब या भागात हे आलेखावर करता येतं. सुरुवातीला गुणांक ०.००५ आणि हवेच्या विरोधाचं क्षेत्रफळ ०.३२ चौरस मीटर धरून बघा.

जागा निवडताना १ ते २ किलोमीटरचा बंद फेरा पाहा. वाहनं नकोत, ब्रेक लावावा लागू नये, थोडा चढउतार असला तर उलट बरा. वेळ पहाटेची, वारा पडलेला असताना. प्रत्येक टायरला किमान सहा फेऱ्या, आणि त्या एकाच वेगाने नकोत : तीन हळू, तीन जोरात. हवेचा विरोध वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो, टायरचा तसा वाढत नाही. वेग बदलल्याशिवाय ही दोन खाती वेगळी करता येत नाहीत. टायरचा क्रम इथेही क-ख-ख-क. एखाद्या फेरीत गाडी शेजारून गेली तर तिच्या हवेने ती फेरी बाद. मन घट्ट करून काढून टाका.

प्रश्न : २८ आणि ३२ मिलीमीटरचे टायर ७० पीएसआयला तपासले, ३२ चा जिंकला. रुंद टायर नेहमीच जलद का?

उत्तर : ही तुलना समान नव्हती. टायरच्या कापडावर येणारा ताण दाब आणि रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतो, त्यामुळे ७० पीएसआयला ३२ चा टायर २८ पेक्षा कडक असतो. तो कमी दबला आणि जिंकला. बसताना जाणवणारा कडकपणा सारखा ठेवायचा तर २८ ला ७५ असताना ३२ ला ६५ च्या आसपास ठेवा (२८ × ७५ = २१००, त्याला ३२ ने भागलं की ६५.६). असं केल्यावर ड्रमवरचा फरक बराचसा विरघळतो. रुंद टायरचा खरा फायदा कमी दाबात, म्हणजे खराब रस्त्यावर आहे.

आणि रुंदी छापील धरू नका. टायर चढवून हवा भरून २४ तास ठेवा, कारण कापड ताणून अर्धा ते एक मिलीमीटर पसरतं. मग कॅलिपरने चार ठिकाणी मोजा. रिमची आतली रुंदी १ मिलीमीटरने वाढली की टायर साधारण ०.४ मिलीमीटरने रुंदावतो. म्हणजे तोच टायर १९ च्या रिमवरून २३ च्या रिमवर नेला तर दीड मिलीमीटरचा फरक.

प्रश्न : रात्री ७० भरलेली हवा सकाळी ६३ दिसते. टायर खराब, की रिमच्या आतली भोकं झाकणारी टेप, की माझं गेज?

उत्तर : उलट्या क्रमाने तपासा, गेजपासून सुरुवात करा. २८ मिलीमीटरच्या टायरमध्ये जेमतेम सव्वा लिटर जागा असते. गेज लावताना आणि काढताना जी फुस्स होते तीसुद्धा या जागेत दिसण्याइतकी असते. पाठोपाठ दोनदा गेज लावा. दुसऱ्या वेळी आकडा जितका कमी, तितकी हवा गेज लावण्यातच गेली. ती रात्रभरच्या घटीतून वजा करायची.

मग तापमान. ३० अंशाला भरलेला ५ बार दाब २० अंशाला ४.८ बार दिसतो, एकही बुडबुडा न सुटता. म्हणजे ३ पीएसआय गेले, ते पहाटेच्या गारव्यात. म्हणून सकाळची नोंद सकाळशीच ताडून पाहा, २४ तासांच्या अंतराने. दिवसाला २ ते ५ पीएसआयची घट ट्यूबलेसला चालते. १० च्या पुढे गेली तर गळती शोधावी.

यासाठी भांडी घासायच्या द्रवाचं पाणी ब्रशने लावा, पंप करून दाब नेहमीचा ठेवा आणि निवांत बघत बसा. बुडबुडे कुठे येतात त्यावर निदान :

टायरच्या बाजूच्या भिंतीवर सुईच्या टोकाएवढा फेस जागोजाग येत असेल तर कापड सच्छिद्र आहे. ट्यूबलेस-रेडी टायर सीलंटशिवाय असे झिरपतात. हा दोष नव्हे. सीलंट घालून चाक दोन्ही कुशींवर दहा-दहा मिनिटं आडवं ठेवा आणि एक फेरी मारून या. टायर आणि रिमच्या सांध्यात एकाच जागी बुडबुडे येत असतील तर तिथे घाण, वाळलेल्या सीलंटची खपली किंवा टायर लिव्हरने दुखावलेली कड. सांध्यात पूर्ण गोल येत असतील तर टायर जागेवर बसलेलाच नाही.

बुडबुडे स्पोकच्या निपलपाशी (स्पोक रिमला जिथे आवळतात तिथे) किंवा व्हॉल्व्हच्या भोकातून येत असतील तर मात्र सावध राहा. रिम आतून पोकळ असतो. टेप एका जागी फाटली तरी हवा आत शिरून जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडते. ज्या निपलपाशी फेस दिसला तिथली टेप दोषी असेलच असं नाही, म्हणून तेवढंच ठिगळ लावू नका, पूर्ण टेप बदला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रिम पुसून कोरडा करा. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिलीमीटर रुंद घ्या आणि ताणून लावा. मधल्या खोलगट खाचेत ती तळाला चिकटली पाहिजे, पुलासारखी वर तरंगता कामा नये. तिथेच पुढे दाबाने फाटते. टेपचं टोक व्हॉल्व्हच्या भोकापलीकडे १० सेंटीमीटर जाऊ द्या. भोक ब्लेडने कापण्यापेक्षा तापवलेल्या टोकदार सळीने पाडा. वितळलेली गोल कड पुढे चिरत नाही. मग ट्यूब घालून टायर रात्रभर फुगवून ठेवा, टेप घट्ट बसते. व्हॉल्व्हची चकती बोटांनीच आवळा. पकडीने आवळली तर वाटेत ट्यूब घालायची वेळ आली की ती सुटणार नाही.

प्रश्न : सीलंट खरंच काम करतं का, हे पंक्चर होण्याआधी कसं कळणार?

उत्तर : झिजलेला टायर टाकून देऊ नका, त्याच्यावरच परीक्षा घ्या. जुना टायर, ४० मिली सीलंट, ७० पीएसआय. १० मिनिटं चालवून आणा म्हणजे आतून लेप बसेल. चष्मा घाला, चाक उघड्यावर न्या. अमोनिया असलेल्या सीलंटचा वास बंद खोलीत सोसत नाही. कॅलिपरने मोजून १, २ आणि ३ मिलीमीटरचे खिळे निवडा.

पहिला खिळा टायरच्या मध्यावर ठोका, उपटा, चाक १५ सेकंद गरगर फिरवा आणि भोक खाली येईल असं थांबवा. किती सेकंदांनी गळती थांबली आणि किती दाब उरला, हे दोन आकडे लिहा. लगेच पुन्हा ७० पर्यंत भरा आणि बुच टिकतं का बघा. ही पायरी वगळू नका, कारण खरी परीक्षा इथेच होते. सीलंटमधल्या लॅटेक्सला गोठायला क्षण लागतो आणि जास्त दाबाची हवा ते गोठण्याआधीच बाहेर फेकते. म्हणून रस्त्याच्या टायरमध्ये भोक पुष्कळदा ३०-४० पीएसआयपर्यंत उतरल्यावरच बुजतं, आणि पुन्हा पूर्ण हवा भरली की उडून जातं. एखादं सीलंट ४० ला बंद होऊन ६० ला टिकत असेल तर ते घरी पोचवील, आणि तेवढंच त्याच्याकडून मागावं.

पुढचं भोक आधीच्यापासून किमान १० सेंटीमीटर दूर. मोठ्या भोकातून सीलंटही उडतं, म्हणून प्रत्येक खिळ्याआधी चाकाचं वजन करा आणि जितके ग्रॅम घटले तितके मिली पुन्हा घाला; नाहीतर तिसऱ्या खिळ्याला अपयश आलं ते सीलंट कमी पडल्यामुळे की भोक मोठं म्हणून, हे कळणार नाही. ३ मिलीमीटरच्या पुढे सीलंटवर विसंबू नका, रबरी दोरीचा प्लग जवळ ठेवा.

सीलंट वाळतं. हवामान आणि दाब यांनुसार दोन ते सहा महिने. दर महिन्याला व्हॉल्व्हचा गाभा काढून, व्हॉल्व्ह खाली आणून, बारीक प्लॅस्टिकची पट्टी आत बुडवून पाहा. पट्टी कोरडी आली तर भरायची वेळ झाली. दोन वेगळी सीलंट एकत्र करू नका, गुठळ्या होतात. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यानेही बरीचशी लॅटेक्सची सीलंट गोठतात. वापरावंच लागलं तर व्हॉल्व्ह वर ठेवून वायू आत भरा आणि घरी आल्यावर सीलंट बदला.

प्रश्न : हुकलेस रिमवर टायर निघून येणार नाही, याची खात्री म्हणून थोडा जास्त दाब भरून पाहू का?

उत्तर : अजिबात नको. सायकलींसाठीच्या आयएसओ ४२१० मानकात कमाल दाबाच्या ११० टक्के दाबाला टायर किमान ५ मिनिटं रिमवर टिकला पाहिजे अशी चाचणी आहे, पण ती बनवणाऱ्याने संरक्षक पिंजऱ्यात करायची. हाताशी टायर सुटला तर स्फोटच होतो. तुम्ही पाहायचं ते वेगळं : रिम बनवणाऱ्याच्या यादीत तो टायर आहे का, रिमच्या आतल्या रुंदीला तेवढा अरुंद टायर चालतो का, आणि टायरच्या भिंतीवरची बारीक रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का. कुठे ती आत बुडाली असेल तर हवा काढा, तिथे साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हचा गाभा काढून झटक्यात हवा भरा. टायर बसवताना 'एकदाच ९० पर्यंत' भरायची सवय सर्वांत घातक. ५ बारची मर्यादा बसवतानाही लागू आहे. चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा आणि बाकी सगळीकडे टायरच्या दोन्ही कडा मधल्या खाचेत ढकला, मग लिव्हर सहसा लागतच नाही.

प्रश्न : ट्यूबलेसने वजन वाढतं. चढावर तोटा नाही का?

उत्तर : टायर ३००, सीलंट ३५, व्हॉल्व्ह आणि टेप मिळून १२, म्हणजे चाकामागे सुमारे ३४७ ग्रॅम. साधा टायर २३० आणि टीपीयूची (हलक्या प्लॅस्टिकची) ट्यूब ३५ धरली तर २६५. दोन चाकांत दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा फरक. ८५ किलोच्या हिशेबात हे ०.२ टक्के; २५० वॅटने चढताना अर्धा वॅट. उलट गुणांकात ०.०००५ चा फरक ताशी १५ किलोमीटरच्या चढावरही पावणेदोन वॅट देतो. तेव्हा काट्यापेक्षा गुणांकाकडे बघा. मात्र तुलना करताना समोरच्या टायरमध्ये कोणती ट्यूब होती हे विचारा : साध्या ब्यूटाइल ट्यूबपुढे ट्यूबलेस सहज जिंकतो, लॅटेक्सच्या ट्यूबपुढे दोघं जवळजवळ बरोबरीत येतात.

प्रश्न : ओल्या रस्त्यावरची पकड मोजता येईल का?

उत्तर : घरी नाही. पकड संपण्याचा बिंदू शोधायचा म्हणजे पडायचंच. रबराची पकड वेग, तापमान आणि पृष्ठभागाप्रमाणे बदलते, त्यामुळे थांबलेलं चाक ओल्या फरशीवर ओढून आलेला आकडाही वळणावर उपयोगी पडत नाही. या एका गुणासाठी सुसज्ज प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवर विसंबा, आणि नवा टायर पहिल्या पावसात हळू चालवा.